मासळीबाजारामागचा बोळ

तो बोळ मी बंद केला. भिंत गवंड्यांनी बांधली, कागदावर सही तिथल्या पालिकेच्या साहेबांनी केली; पण त्या दोन्हींच्या आधी, सिंगापुरात बुओना व्हिस्टाच्या एका थंडगार ऑफिसात बसून, नकाशावरची ती बारीक रेघ मी खोडली. नुसती खोडली असती तर चूक झाली म्हणून सुटका करून घेता आली असती. हा बोळ बंद करू नका, असं एका बाईनं मला लेखी कळवलं होतं. मी ते वाचलं होतं. आणि तरी अहवालात मी असं लिहिलं, की तिनं काही कळवलंच नव्हतं.

त्या शहराचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथे युद्ध संपून काही वर्षं झाली होती. नदीकाठचे आणि टेकडीवरचे असे दोन बाजूंचे लोक एकमेकांविरुद्ध लढले होते आणि आता पुन्हा एकाच शहरात राहत होते. बंदुका गेल्या होत्या, पण कोण कुठल्या रस्त्यानं जातो हे अजून सगळे सगळ्यांचं बघत असत. शहराच्या मधोमध जळालेला जुना बाजार होता. दोन्ही बाजूंची माणसं तिथे यायची, कारण मासे आणि भाजी दुसरीकडे मिळत नव्हती. तो बाजार नव्यानं बांधायचा होता आणि त्याच्या आराखड्याचं काम आमच्या कंपनीकडे आलं होतं.

माझं काम माणसांच्या चालण्याचं. एखाद्या जागी कुठून किती माणसं येतात, कुठे अडतात, दार किती रुंद हवं, याचा हिशोब मी संगणकावर करतो. वीस वर्षं हेच करतोय, बहुतेक वेळा स्टेशनं आणि मॉल. त्या शहरात मी कधी गेलो नव्हतो. तिथली मोजणी पालिकेतल्या एका बाईनं केली. आठवडाभर ती बाजाराच्या एकेका तोंडाशी बसली आणि येणारी-जाणारी माणसं तिनं हातानं कागदावर मोजली. ते कागद स्कॅन होऊन माझ्याकडे आले. अक्षर बारीक, सरळ, कुठे खाडाखोड नाही. शेवटचा रकाना शेऱ्याचा होता आणि तो बहुतेक ठिकाणी रिकामा होता.

मासळीबाजाराच्या मागून एक बोळ नदीकडे जात होता. त्याच्यासमोर सातही दिवस शून्य. सकाळी शून्य, दुपारी शून्य, संध्याकाळी शून्य. शेऱ्यात मात्र तिनं इंग्रजीत लिहिलं होतं: ‘रोज इथून कोणी जात नाही. ज्या दिवशी भांडण होतं त्या दिवशी सगळे इथूनच जातात. मासळीवाल्या म्हणतात, हा बंद करू नका.’

मी ते वाचून हातातला कप खाली ठेवला, हे मला आठवतं. ती काय सांगतेय ते मला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. आमच्या ऑफिसात ते फक्त मलाच कळण्यासारखं होतं.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची वस्ती ओढ्याच्या अलीकडे, गावाच्या टोकाला होती. वस्तीतून बाहेर पडायला रस्ता एकच, चौकातून. दुसरी एक वाट होती, पण तिला कोणी वाट म्हणत नसे. शेवटच्या घरामागे घायपाताचं कुंपण होतं, त्यात शेळी जाईल एवढी फट, आणि पलीकडे ओढ्याचं कोरडं पात्र. रोज तिथून कोणी जायचं नाही. मी सात वर्षांचा होतो तेव्हा आमची मिरवणूक चौकातून जाऊ द्यायची की नाही यावरून वाद झाला आणि दुपारी चौकाकडून माणसं आली. आईनं मला त्या फटीतून ढकललं. घायपाताचा काटा गालाला लागला, त्याची खूण अजून आहे. दाढी करताना दिसते. दोन दिवसांनी परतलो तेव्हा वस्तीतली दारं मोडलेली होती, भांडी नव्हती, पण माणसं सगळी होती. त्यानंतर आईनं मला एकच गोष्ट शिकवली, आणि ती अभ्यासापेक्षा जास्त वेळा सांगितली: ‘नव्या जागी गेलास की आधी दुसरं दार बघ.’

तर ज्या बैठकीत त्या बाजाराचा आराखडा पक्का व्हायचा होता, तिथे मी बसलो होतो. समोर पडद्यावर नकाशा. पालिकेला एकच मोठं दार हवं होतं. एक दार म्हणजे एक पहारा, चार कॅमेरे, कोण आला कोण गेला ते कळणार. माझे वरिष्ठ म्हणाले, ‘हा मागचा बोळ कशाला ठेवायचा? तुझ्याच आकड्यात शून्य आहे.’

आमचं सॉफ्टवेअर फक्त आकडे घेतं. शेऱ्याचा रकाना त्यात जातच नाही. मी तोंडानं सांगितलं असतं तरच तो शेरा त्या खोलीत आला असता. आणि मी सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: हे तुला कसं माहीत? वीस वर्षं मी ऑफिसात ‘पुण्याजवळचा’ म्हणून सांगत आलो होतो. शिकलो पुण्यात, त्यामुळे ते अगदी खोटंही नव्हतं. इतर भारतीय सहकाऱ्यांनी हिंदीतून आडनावाची चौकशी केली, की मी विषय क्रिकेटवर न्यायचो. घायपाताच्या कुंपणाबद्दल बोलायचं म्हणजे वस्तीबद्दल बोलायचं, आणि वस्तीबद्दल बोललो की टेबलाभोवतीचे ते चेहरे माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतील, याची मला भीती वाटली. त्या बाईची हरकत मांडण्यासाठी मला माझं गाव सांगावं लागणार होतं. मी म्हणालो, ‘नको. ठेवायचं काही कारण नाही.’

त्या दुपारी अहवालात मी दोन वाक्यं लिहिली. ‘स्थानिक पाहणीत हा बोळ वापरात असल्याचं आढळलं नाही. पाहणी करणाऱ्यांकडून याबाबत कोणतीही हरकत आलेली नाही.’ पहिलं वाक्य अर्धखरं होतं. दुसऱ्याची काही गरजच नव्हती. पुढे कोणी विचारू नये म्हणून मी ते लिहिलं.

बाजार उघडला. दीड वर्षानं दारातच एका हातगाडीवाल्याचं आणि पाणी विकणाऱ्याचं भांडण झालं. एक नदीकाठचा, दुसरा टेकडीवरचा. दगड आले. दार एकच, त्यामुळे भांडणही दारात आणि बाहेर पडणारी माणसंही दारात. मासळीवाल्या आणि त्यांची गिऱ्हाइकं जुन्या सवयीनं मागे धावली, जिथे बोळ होता तिथे. तिथे माझी भिंत होती. मागून माणसं येत राहिली. एक म्हातारी मासळीवाली त्या भिंतीशीच चेंगरून मेली. जी बाई मोजणी करत होती तिला या बोळाबद्दल सांगितलं होतं ते याच म्हातारीनं. मोजणी करणारी बाईही त्या दिवशी तिथे मासे घ्यायला गेली होती. तिचा डावा हात भिंतीत आणि माणसांत चिरडला.

चौकशी झाली. ‘स्थानिक पाहणीतील त्रुटी’ असा निष्कर्ष आमच्याकडे मेलवर आला. मी तो वाचला, बंद केला आणि जेवायला खाली खाण्याच्या ठेल्यांच्या हॉकर सेंटरला गेलो. काय खाल्लं तेही आठवतं. लिहायची लाज वाटते.

यंदा त्याच पालिकेचे चार जण आठवडाभर आमच्याकडे आले. नवी घरं बांधायची होती, म्हणून सिंगापूरच्या वसाहती बघायच्या होत्या. त्यांना फिरवायचं काम माझ्याकडे आलं. यादीत तिचं नाव बघून मी सुट्टी टाकायचा विचार केला, हेही सांगून टाकतो.

सोमवारी सकाळी ऑफिसच्या खोलीत ते आले. ती पन्नाशीची, बुटकी, डावा हात ओढणीखाली. खोलीत बारा खुर्च्या होत्या. ती दाराजवळच्या खुर्चीत, दाराकडे तोंड करून बसली. तिच्या साहेबांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. तिचं बरं होतं, म्हणून तिला भाषांतराला आणलं होतं. साहेब तिच्याकडे हात करून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले आणि बाकीचे दोघे हसले. तिनं एक क्षण थांबून, जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, ‘साहेब म्हणतायत, ही आमची मोजणीवाली. शून्य फार सुंदर लिहिते. म्हणून आता दप्तरात बसवलीय.’

माझे वरिष्ठही हसले. मीही ओठ हलवले.

चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली.

‘सर, एक विचारू? बाजाराच्या मोजणीचे माझे कागद तुमच्याकडे असतील का?’

‘का हो?’

‘आमच्याकडचे ऑफिस हलवताना भिजले, टाकून दिले. प्रत नव्हती. बाजारातल्या बायका माझ्याशी बोलत नाहीत, सर. म्हणतात, आम्ही सांगितलं होतं, तू लिहिलं नाहीस. आधी मी भांडायचे, लिहिलं होतं म्हणून. आता…’ ती थांबली. ‘आता मलाच आठवत नाही. चार वर्षं झाली. उन्हात बसून लिहीत होते. राहिलंही असेल. मला कोणाला दाखवायचं नाही. फक्त बघायचंय, मी लिहिलं होतं की नाही.’

‘जुन्या फायली आहेत,’ मी म्हणालो. ‘शोधून बघतो.’

तो कागद सापडायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. कुठे आहे ते मला माहीतच होतं. मी तो पडद्यावर उघडला, शेरा वाचला आणि कोणी मागे येतंय का बघून बंद केला. मंगळवारी तिनं विचारलं, ‘सापडला, सर?’ मी म्हणालो, ‘शोधतोय.’ बुधवारी तिनं विचारलं नाही, नुसतं बघितलं, आणि मीच म्हणालो, ‘शोधतोय.’

मंगळवारी आम्ही पुंगोल नावाच्या नव्या वसाहतीत गेलो होतो. एलआरटी नावाच्या छोट्या लोकल गाडीत बसून नव्या इमारती, पाणी, बाबागाड्या ढकलणाऱ्या तरुण आया बघत होतो. तिनं विचारलं, ‘शेवटचं स्टेशन कुठलं?’ मी सांगितलं की शेवटचं नाही, गाडी गोल फिरून पुन्हा इथेच येते. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘बरं आहे. चुकलेल्या माणसाला कधी उतरावंच लागत नाही.’ ती सहज बोलली असेल. मी मात्र पुढच्याच स्टेशनावर सगळ्यांना खाली उतरवलं.

एका इमारतीखाली आम्ही थांबलो. इथे इमारतींचा तळमजला मोकळा ठेवलेला असतो, नुसते खांब. व्हॉइड डेक म्हणतात त्याला. मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं: इथे एका बाजूला लग्न लागतं, दुसऱ्या दिवशी कोणाचा अंत्यविधी असतो, सगळ्या धर्मांची माणसं एकाच लिफ्टसाठी उभी राहतात. ती साहेबांना सांगत होती, आणि सांगता सांगता खांबांमधून फिरत होती. मग ती मधोमध उभी राहिली.

‘इथे भिंतच नाही,’ ती म्हणाली.

‘हो. वारा खेळावा म्हणून.’

‘आणि भांडण झालं तर?’

‘पोलीस येतात.’

‘ते येईपर्यंत?’

तिनंच उत्तर दिलं. ‘ते येईपर्यंत माणसं निघून गेलेली असतील. कुठूनही.’ साहेबांनी काय चाललंय म्हणून विचारलं. तिनं सांगितलं, आणि ते मान हलवून काहीतरी म्हणाले. ‘साहेब म्हणतायत, तुमच्या लोकांना शिस्त आहे.’ मग आवाज खाली आणून, स्वतःचं म्हणून, ती पुढे म्हणाली, ‘मला वाटतं, सर, पळायला जागा असली की माणूस घाबरतोही कमी आणि मारतोही कमी. कोंडलं की दोन्ही वाढतं.’ वीस वर्षं मी जे शिकलो ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं होतं. मी ते वहीत टिपून घेतलं, जणू मला ते नवीन होतं.

त्या दिवशी हॉकर सेंटरमध्ये, चारही बाजूंनी उघड्या त्या जागेत, ती पहिल्यांदा मधल्या टेबलावर बसली आणि दार न शोधता जेवली.

गुरुवारी संध्याकाळी मी तिला घरी जेवायला बोलावलं. साहेब आणि बाकीचे खरेदीला जाणार होते. का बोलावलं? तिच्याशी चांगलं वागून काहीतरी फेडता येईल असं वाटलं असावं. टॅम्पिनीसला चौथ्या मजल्यावर आमचा भाड्याचा फ्लॅट आहे. बायको त्या आठवड्यात कामासाठी परगावी होती. घरी आई आणि तेरा वर्षांची मुलगी. आई तीन महिन्यांसाठी आली होती. आल्या दिवशी तिनं सगळा फ्लॅट फिरून विचारलं होतं, ‘दार एकच?’ हो म्हटल्यावर तिनं जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढून दाराच्या समोर, भिंतीला पाठ लागेल अशी ठेवली. ती तिची खुर्ची.

आईनं ज्वारीच्या भाकरी आणि सुकटाची चटणी केली होती. मुलगी नाकाला हात लावून, तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडत फिरत होती. ‘आजी, होल कॉरिडॉर कॅन स्मेल लाह!’

‘वास येऊ दे. वास आला की पोट भरतं,’ आई म्हणाली. ‘तुमच्या त्या बर्गरला वासच न्हाई.’

पाहुणी आली. आईनं हात जोडून ‘जय भीम’ केलं, तिनंही हात जोडले. वास येताच तिचा चेहरा खुलला. तिच्या बाजारातही हेच वाळवतात म्हणाली. मग ती बसायला गेली आणि आईच्या खुर्चीशीच उभी राहिली. खुर्ची कोणाची ते कळून मागे सरली. आई तिच्याकडे बघत राहिली, मग तिनं तिला दंडाला धरून त्याच खुर्चीत बसवलं.

‘बस बाई. मला कळतंय.’ आणि माझ्याकडे वळून, ‘हिच्या गावात बी काही झालंय का रं?’

मी म्हटलं, ‘हो, युद्ध झालं होतं.’

‘युद्धाचं न्हाई म्हणत. हाताला काय झालं ते इचार.’

मी विचारलं. तिनं सांगितलं, अगदी थोडक्यात: बाजार, दगड, भिंत. मी आईला मराठीत सांगत गेलो. माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटत होता. मुलगी इंग्रजी ऐकत होती आणि मराठीही ऐकत होती. ती जेवायची थांबली होती.

आईनं विचारलं, ‘मागून वाट नव्हती का?’

मी विचारलं. ‘होती,’ ती म्हणाली. ‘बंद केली.’

‘कोणी?’ आई म्हणाली.

‘तिथल्या सरकारनं,’ मी आईला सांगून टाकलं.

‘तुला न्हाई इचारलं. तिला इचार.’

मी पाहुणीकडे वळलो आणि इंग्रजीत म्हणालो, ‘आई विचारतेय, अजून भाकरी घेणार का?’

तिनं हसून ताटावर हात आडवा धरला. तो हात कुठल्याही भाषेत एकच सांगतो. आईनं तो हात बघितला, मग मला बघितलं.

‘बाबा,’ मुलगी म्हणाली, ‘दॅट्स नॉट व्हॉट आजी आस्क्ड.’

पाहुणीनं मुलीकडे बघितलं. ‘मग आजींनी काय विचारलं?’

‘शी आस्क्ड, हू क्लोज्ड द लेन.’

मी त्या वेळी बोलायला हवं होतं. माझ्या आयुष्यात त्याहून सोपी वेळ कधी आली नव्हती. माझ्या घरात, माझ्या आईसमोर. मी पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिलो. पाहुणी आईकडे वळली. आईला इंग्रजी येत नाही हे माहीत असूनही ती आईलाच म्हणाली, ‘मी. सगळे तेच म्हणतात. मला सांगितलं होतं आणि मी लिहिलं नाही.’

‘ती काय म्हणाली?’ असं आईला विचारावंही लागलं नाही. मुलीनंच तिच्या मोडक्या मराठीत सांगितलं, ‘आजी, ती म्हणते, तिनंच केलं. तिनं लिहिलं नाही म्हणून.’

आई उठली, तिच्याजवळ गेली आणि तिचा तो न मिटणारा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरून उभी राहिली. मी मात्र खुर्चीतून उठलो नाही.

तिला मी एमआरटी मेट्रोच्या स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, ‘कागद सापडला नाही तर राहू द्या, सर. नाही मिळाला तरी एक प्रकारे उत्तरच आहे.’ मी ‘उद्या सांगतो’ म्हणालो. ती सरकत्या जिन्यावरून वर जाताना मागे वळली नाही.

घरी आलो तर आई ओट्यापाशी तवा घासत होती. मुलगी तिच्या खोलीत, दार लावून.

‘मी वाटेचं इचारलं, तू भाकरीचं इचारलंस,’ आई म्हणाली. ‘का?’

मी सांगितलं. सगळं सांगितलं, शेऱ्यासकट. तिनं तवा घासायचं थांबवलं.

‘तिनं लिवलं होतं?’

‘हो.’

‘तुला ठावं होतं, अशी वाट कशाला असती ते?’

‘हो.’

‘तरी?’

‘ऑफिसात आपलं सांगावं लागलं असतं, आई. वस्तीचं.’

तिनं नळ बंद केला. मला वाटलं, रागावेल. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘तुला त्या फटीतून ढकललं तवा मी मागं ऱ्हाईले होते. तू कसा गेलास बघत. वाटलं, ह्यो वाचला तर बास. ती फट सांगायची लाज वाटली व्हय तुला?’ मग हात पुसत म्हणाली, ‘त्या कागदावर अक्षर तिचं हाय. मग कागद तिचा हाय. देऊन टाक. आणि जिथं तिला खोटं पाडलंस तिथंच दे. माझ्या सैपाकघरात न्हाई.’

शुक्रवारी सकाळी समारोपाची बैठक होती. सोमवारचीच ती काचेची खोली, एकच दार, आणि ती दाराजवळ. साहेब, त्यांचे दोघे, माझे वरिष्ठ. मी लवकर येऊन त्या पानाची रंगीत प्रत काढली होती आणि एक पत्र लिहिलं होतं, तिच्या पालिकेच्या नावे. अहवालातली ती दोन वाक्यं खोटी आहेत आणि ती मी लिहिली, एवढंच त्यात होतं. खाली सही. बाजारात ते मोठ्यानं वाचून दाखवावं, अशी शेवटी विनंती. वरिष्ठांना मी आधी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी थांबवलं असतं आणि मी थांबलोही असतो.

माझी पाळी आली तेव्हा मला पुंगोलचे फोटो दाखवायचे होते. मी तिचा कागद पडद्यावर लावला.

तिनं तो लगेच ओळखला. ती उठून उभी राहिली. साहेबांनी काय आहे म्हणून विचारलं.

‘हा मोजणीचा मूळ कागद,’ मी म्हणालो. ‘शेवटचा रकाना वाचतो.’ आणि मी तो शेरा मोठ्यानं वाचला. ज्या दिवशी भांडण होतं त्या दिवशी सगळे इथूनच जातात. मासळीवाल्या म्हणतात, हा बंद करू नका.

‘पुन्हा वाचा,’ ती म्हणाली.

मी पुन्हा वाचला. या वेळी तिनं एकेक वाक्य साहेबांना त्यांच्या भाषेत सांगितलं. तिचा आवाज तिसऱ्या वाक्याला फाटला, पण तिनं ते पुरं केलं. साहेबांनी समोरची फाईल मिटली. माझे वरिष्ठ हळूच म्हणाले, ‘हे आपण नंतर बघू या का?’

‘नाही,’ मी म्हणालो. मग अहवालातली माझी दोन वाक्यं वाचली. हे पान मी आराखड्याच्या त्या बैठकीआधीच वाचलं होतं, हे सांगितलं. सोमवारपासून ते माझ्याकडे होतं आणि मी शोधतोय म्हणत होतो, हेही सांगितलं. मग माझं गाव सांगितलं: ओढ्याच्या अलीकडची वस्ती, चौक, कुंपणातली फट. आईनं मला तिथून ढकललं म्हणून मी या खोलीत उभा आहे, तेव्हा अशी वाट कशासाठी असते हे इथे सगळ्यांत आधी मला कळलं होतं, आणि ते सांगायची लाज वाटली म्हणून मी गप्प बसलो. इतकी वर्षं ज्या नजरांना भ्यालो त्या माझ्यावर होत्या. त्या वेगळ्या झाल्या की नाही, ते बघायचं मला सुचलं नाही.

इथपर्यंतचं माझं प्रत्येक वाक्य ती साहेबांना सांगत आली होती. मी टेबलाला वळसा घालून तिच्यापाशी गेलो आणि तो कागद आणि पत्र तिच्या उजव्या हातात दिलं. आता ती भाषांतर करायची थांबली. ती फक्त माझ्याकडे बघत होती आणि वाट पाहत होती.

मी म्हणालो, ‘तुम्ही लिहिलं होतं. मी वाचलं होतं, आणि मी खोडलं. तो बोळ तुम्ही नाही, मी बंद केला, आणि बाजारातल्या बायकांसमोर तुम्हाला खोटं पाडलं. भिंतीशी गेलेल्या त्या मासळीवाल्या आजींचं मला काहीच भरून देता येणार नाही. मला माफ करा.’